घरी शिकणाऱ्या लहान मुलासाठी बीजगणिताचा अभ्यासक्रम निवडताना

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

घरीच शिक्षण घेणाऱ्या मुलांविषयीचा लेख आपल्या दैनिकात वाचला. ज्या मुलाचे अंकगणित लवकर पूर्ण होते, त्याला वयाची वाट न पाहता बीजगणिताकडे न्यावे, असे लेखकाने सुचवले आहे. त्या सूचनेला माझा विरोध नाही. माझ्या मुलीच्या बाबतीत मी तेच केले. मात्र बीजगणिताचा अभ्यासक्रम कसा निवडावा याविषयी लेखात ‘एखादा चांगला, मान्यता पावलेला अभ्यासक्रम घ्यावा’ यापलीकडे काही नाही. ही निवड करताना माझी जी चूक झाली, तिने मुलीचे जवळजवळ एक वर्ष घेतले, म्हणून हे पत्र थोडे विस्ताराने लिहीत आहे.

मुलगी तेव्हा नऊ वर्षांची होती. अपूर्णांक, दशांश, शेकडेवारी, गुणोत्तर हे सारे तिचे झाले होते आणि तोंडी हिशेबात ती माझ्याही पुढे असे. मी चौकशी केली, चार जणांनी नावाजलेला एक अभ्यासक्रम घेतला आणि पहिल्या प्रकरणापासून सुरुवात केली. समीकरण सोडवण्याची रीत त्यात पहिल्याच धड्यात एका चौकटीत दिली होती : संख्या बरोबरच्या चिन्हापलीकडे नेली की तिचे चिन्ह बदलते. दोन आठवड्यांत ती क्ष + ७ = १५ यासारखी उदाहरणे पानेच्या पाने सोडवू लागली आणि मला वाटले, निवड अगदी योग्य झाली. तीन महिन्यांनंतर तिने ३क्ष = १२ या समीकरणाचे उत्तर क्ष = ९ असे लिहिले. असे का, म्हणून विचारले तेव्हा ती म्हणाली, “३ पलीकडे नेले, म्हणून ते वजा झाले.” चौकटीतला नियम तिने अक्षरशः पाळला होता. समीकरणाच्या दोन्ही बाजूंना एकच क्रिया केली तर समानता टिकून राहते, ही गोष्ट त्या धड्यात एका ओळीत उरकली होती आणि ती ओळ मीही वाचून पुढे गेले होते.

त्या संध्याकाळी मी तिला एक साधा प्रश्न दिला : ८ + ४ = □ + ५. तिने चौकटीत १२ लिहिले. गणित शिकवणाऱ्यांना हा प्रश्न आणि हे उत्तर दोन्ही चांगले परिचयाचे आहे, हे मला पुढे समजले. अंकगणितात मूल वर्षानुवर्षे डावीकडे क्रिया आणि उजवीकडे उत्तर असेच पाहत आलेले असते, त्यामुळे ‘=’ या चिन्हाचा अर्थ त्याच्या मनात ‘आता उत्तर लिही’ असा होऊन बसतो. मुलांच्या वहीत ५ + ३ = ८ × २ = १६ − १ = १५ अशी जी लांबलचक साखळी दिसते, तिचेही मूळ हेच आहे; शेवटचे उत्तर बरोबर असल्यामुळे आपण त्या साखळीकडे डोळेझाक करतो. बीजगणित मात्र या चिन्हाच्या दुसऱ्या अर्थावर उभे आहे : डावीकडे जे आहे तेवढेच उजवीकडे आहे. ज्या मुलाच्या मनात पहिलाच अर्थ पक्का आहे, त्याच्यासमोर दोन्ही बाजूंना क्ष असलेले समीकरण आले की त्याला त्याचे टोकच सापडत नाही, कारण त्यात ‘उत्तर’ कुठे आहे हेच त्याला दिसत नाही.

माझे सांगणे असे आहे की, अभ्यासक्रम निवडण्यापूर्वी पालकाने आपल्या मुलाच्या चुका शांतपणे वाचायला शिकावे आणि हाती घेतलेले पुस्तक त्या चुकांशी काय करते, हे पाहून निर्णय करावा. पुस्तकावर छापलेली इयत्ता, प्रकरणांची संख्या किंवा ते किती मुलांनी वापरले आहे, यांवरून आपल्या घरातल्या एका मुलाविषयी फारच थोडे कळते.

चुका वाचायच्या म्हणजे काय करायचे, तेही सांगते. वरच्या प्रश्नानंतर मी तिला ३७ + ४८ = ३५ + □ असा प्रश्न दिला. तिने आधी ८५ ही बेरीज केली, मग ३५ वजा करून ५० उत्तर काढले. उत्तर बरोबर होते, रीतही चूक नव्हती. पण ३५ ही संख्या ३७ पेक्षा २ ने लहान आहे, म्हणजे चौकटीतली संख्या ४८ पेक्षा २ ने मोठी असली पाहिजे, हे तिने पाहिले नव्हते. बेरीज न करता दोन बाजूंमधला संबंध पाहणे हेच बीजगणिताचे पहिले पाऊल आहे. ते पडेपर्यंत आम्ही क्ष बाजूला ठेवला आणि पाच आठवडे असल्याच प्रश्नांवर काढले. ज्या अभ्यासक्रमात अशा प्रश्नांना सुरुवातीलाच जागा दिलेली असते, तो करणाऱ्याला मूल कुठे अडते हे ठाऊक आहे, असे मी आता समजते.

दुसरी जागा अक्षराची. पुष्कळ पुस्तकांत ३प + २व म्हणजे ३ पेन्सिली आणि २ वह्या, असे सांगून सुरुवात केलेली असते. मुलाला ते लगेच पटते आणि सजातीय पदांची बेरीजही जमते. पण त्यामुळे ‘प’ हे पेन्सिलीचे नाव आहे अशी समजूत होते, आणि ‘प’ ही एक संख्या आहे हे निसटून जाते. याचा परिणाम फार लांब जाऊन दिसतो. एखाद्या संस्थेत शिक्षकांच्या सहापट विद्यार्थी आहेत, हे वाक्य समीकरणात लिहायला सांगितले, तर महाविद्यालयात शिकणारी मुलेही ६व = श असे लिहून मोकळी होतात, कारण वाक्य वाचताना त्यांच्या डोळ्यांसमोर ‘सहा विद्यार्थी आणि एक शिक्षक’ असे चित्र उभे राहते. शिक्षक १० असतील तर विद्यार्थी ६०, म्हणजे व = ६श, हे संख्या ठेवून पाहिल्याखेरीज ध्यानात येत नाही. अभ्यासक्रम चाळताना पहिल्या दोन प्रकरणांत अक्षराची ओळख वस्तूचे नाव म्हणून करून दिली आहे की संख्येचे नाव म्हणून, हे जरूर पाहावे. शंका आली तर त्यातली उदाहरणे मुलाला देऊन ‘प म्हणजे काय?’ एवढेच विचारावे. मिळालेले उत्तर पुस्तकाविषयी बरेच काही सांगून जाते.

या बाबतीत मला आपल्या परंपरेतल्या एका शब्दाची फार मदत झाली. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास लिहिलेल्या ‘बीजगणित’ या ग्रंथात पहिल्या अव्यक्त राशीला ‘यावत्-तावत्’ म्हटले आहे, म्हणजे जितके असेल तितके. त्यानंतरच्या अव्यक्तांना कालक, नीलक, पीतक अशी रंगांची नावे आहेत आणि लिहिताना या, का, नी अशी त्यांची आद्याक्षरे वापरली आहेत. ‘जितके असेल तितके’ हे नाव वस्तूला देताच येत नाही, ते संख्येचेच असू शकते. मुलीने जवळजवळ महिनाभर आपली समीकरणे क्ष ऐवजी ‘या’ आणि ‘का’ वापरून लिहिली आणि त्या महिन्यात तिची अक्षराविषयीची गल्लत पुष्कळ निवळली.

इतिहासाचा हा धागा पालकाने थोडा आणखी धरावा, असे मी म्हणेन. ब्रह्मगुप्तांनी ६२८ मध्ये धन आणि ऋण संख्यांच्या क्रियांचे नियम सांगितले. दोन ऋणांचा गुणाकार धन होतो, हा नियम त्यांत आहे. नवव्या शतकात बगदादमध्ये अल-ख्वारिझ्मी यांनी समीकरणे सोडवण्याच्या रीती लिहिल्या, त्या सगळ्या शब्दांत, एकही चिन्ह न वापरता. बरोबरचे चिन्ह रॉबर्ट रेकॉर्ड यांच्या पुस्तकात १५५७ मध्ये प्रथम छापले गेले, फ्रान्स्वा व्हिएत यांनी १५९१ मध्ये ज्ञात आणि अज्ञात अशा दोन्ही राशींसाठी अक्षरे वापरली, आणि आज आपण लिहितो त्याच्या जवळ जाणारी मांडणी देकार्त यांच्या १६३७ मधल्या लेखनात दिसते. मोठमोठ्या गणितज्ञांना शब्दांकडून चिन्हांकडे यायला एवढी शतके लागली, तेव्हा नऊ वर्षांच्या मुलाने ते अंतर एका धड्यात कापावे, ही अपेक्षा मला आता अन्यायाची वाटते. जो अभ्यासक्रम मुलाला आधी आपल्या शब्दांत वाक्य म्हणू देतो (‘एका संख्येच्या दुपटीत ५ मिळवले तर १९ होतात’), मग ते थोडक्यात लिहू देतो आणि शेवटी २क्ष + ५ = १९ पर्यंत आणतो, तो हळू चालतो असे वाटले तरी लहान मुलासाठी तोच घ्यावा.

आता अभ्यासक्रमांच्या प्रकारांविषयी. काही अभ्यासक्रम एक विषय घेऊन तो पुरता शिकवतात आणि मग पुढच्या प्रकरणाकडे जातात. काहींमध्ये रोज नव्या विषयाचा लहानसा तुकडा असतो आणि सरावात मागचे सगळे मिसळून येते. तिसऱ्या प्रकारात आधी अवघड प्रश्न समोर ठेवतात, मुलाने त्याच्याशी झटापट करावी आणि त्यातून रीत शोधावी, अशी अपेक्षा असते. यांतला कोणताही प्रकार मुळात वाईट नाही. माझी मुलगी प्रकरणाचे शीर्षक पाहून रीत ओळखत असे. ‘वयावरील उदाहरणे’ असे वर लिहिलेले असले की प्रश्न न वाचताच समीकरण मांडून मोकळी होई. तिला मिसळलेल्या सरावाची गरज होती, कारण तिथे रीत ओळखण्याचे काम तिलाच करावे लागले. ज्या मुलाला रोज विषय बदलल्याने गोंधळायला होते, त्याला पहिला प्रकार मानवेल. तिसरा प्रकार हुशार मुलांसाठीच असतो, असे सर्रास म्हटले जाते, पण बुद्धीपेक्षाही तिथे कस लागतो तो उत्तर न सापडता वीस मिनिटे बसून राहण्याच्या तयारीचा. ती तयारी नऊ-दहा वर्षांच्या मुलात असेलच असे नाही, आणि नसेल तर ते काही कमीपणाचे लक्षण नाही. आठवड्यातून एक दिवस असे प्रश्न आणि बाकीचे दिवस नेहमीचा अभ्यास, अशी वाटणी आम्ही केली आणि ती टिकली.

व्हिडिओवर चालणाऱ्या अभ्यासक्रमांकडे अनेक पालक वळतात, कारण त्यांना स्वतःला बीजगणित आठवत नसते. चांगला शिकवणारा असला तर समजते सुद्धा. अडचण अशी की, दुसऱ्याने सोडवलेले पाहताना सगळे सोपे वाटते आणि आपल्याला येते असा भास होतो. उदाहरण फळ्यावर मांडून झाले की व्हिडिओ थांबवावा, मुलाने ते आधी स्वतः सोडवावे आणि मगच पुढचे पाहावे, एवढा एक नियम पाळला तर त्याचा उपयोग पुष्कळ वाढतो. संगणकावर उत्तर तपासणाऱ्या अभ्यासक्रमांविषयी मात्र माझे मत अधिक कडक आहे. त्यांतले बहुतेक शेवटचे उत्तर तेवढे पाहतात. ५ − (क्ष − २) हे ५ − क्ष − २ असे सोडवणारे मूल आणि घाईत ७ ऐवजी ३ टंकणारे मूल, या दोघांनाही तिथे सारखाच लाल शेरा मिळतो. पहिल्याला कंसाबाहेरील वजा आतल्या प्रत्येक पदाला लागू होतो हे पुन्हा शिकायचे आहे, दुसऱ्याला काहीच शिकायचे नाही. पायऱ्या वहीत लिहायच्या आणि त्या मोठ्या माणसाने वाचायच्या, हे काम यंत्रावर सोपवून चालत नाही.

म्हणूनच, अभ्यासक्रमाच्या उत्तरपुस्तिकेत नुसती उत्तरे आहेत की पूर्ण उकल दिली आहे, हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. गणित विसरलेल्या पालकाला पायरीनुसार उकल मिळाली, तर तो मुलाच्या एक दिवस पुढे राहून शिकवू शकतो. मी स्वतः तसेच केले. वर्गसमीकरणे मी शाळेत सूत्राने सोडवली होती. सूत्र कुठून येते हे मला मुलीबरोबर शिकतानाच समजले. अल-ख्वारिझ्मी यांचे क्ष² + १०क्ष = ३९ हे समीकरण आम्ही कागद कापून सोडवले. क्ष बाजूचा एक चौरस, त्याच्या दोन बाजूंना प्रत्येकी ५ रुंदीची पट्टी, आणि कोपऱ्यात रिकामी राहिलेली २५ क्षेत्रफळाची जागा. ती भरली की मोठा चौरस ६४ चा होतो, त्याची बाजू ८, म्हणून क्ष = ३. पुढे (अ + ब)² म्हणजे अ² + ब² असे तिने एकदाही लिहिले नाही, कारण मधले दोन आयत तिच्या डोळ्यांसमोर होते. क्ष = −१३ हेही त्या समीकरणाचे उत्तर आहे आणि ते कागदाच्या चौरसात का सापडत नाही, हा प्रश्न तिनेच विचारला. क्षेत्रफळाची ही चित्रे ज्या पुस्तकात नसतील, ते मी लहान मुलासाठी निवडणार नाही.

पूर्वतयारीचा मुद्दा त्या लेखात ‘अंकगणित पूर्ण झाल्यावर’ एवढ्यात आटोपला आहे. पूर्ण म्हणजे काय, ते नेमके ठरवायला हवे. अपूर्णांकांची बेरीज करताना छेद समान का करावे लागतात, हे ज्याला सांगता येत नाही, ते मूल पुढे १/क्ष + १/य ची बेरीज २/(क्ष + य) अशी करणारच. −३² आणि (−३)² यांतला फरक क्रियांच्या क्रमाचा आहे, तो बीजगणितात शिरण्यापूर्वी समजलेला असावा. ऋण संख्यांची वजाबाकी संख्यारेषेवर करून दाखवता यावी. यांपैकी काही कच्चे असेल तर दोन महिने थांबावे. मी थांबले नाही, आणि तेच दोन महिने पुढे सहा होऊन परत आले.

लहान वयाचा आणखी एक प्रश्न आहे, तो पुस्तके करणाऱ्यांच्या फारसा ध्यानात येत नाही. बीजगणिताची बहुतेक पुस्तके तेरा-चौदा वर्षांच्या मुलांसाठी लिहिलेली असतात. अक्षर बारीक, एका पानावर तीस उदाहरणे, प्रत्येकाला सहा-सात पायऱ्या. नऊ वर्षांच्या मुलाची बुद्धी तिथे पोहोचलेली असली तरी हात पोहोचलेला नसतो. बाराव्या उदाहरणानंतर अक्षर बिघडते, वजाचे चिन्ह गळते, आणि पालकाला वाटते की गणित समजले नाही. आम्ही मोठ्या चौकटींची वही घेतली, एक सोडून एक उदाहरण करायचे ठरवले, आणि मुलगी थकली की पायरी तिने सांगायची व मी लिहायची, असा क्रम ठेवला. तिने सांगितले तेवढेच मी लिहीत असे, चूक असली तरी. बोलून सांगताना तिच्या कितीतरी चुका तिला स्वतःलाच ऐकू आल्या.

दुसऱ्या वेळी निवड करताना मी घाई केली नाही. वितरण गुणधर्म हा एकच धडा मी तीन वेगवेगळ्या अभ्यासक्रमांतून मिळवून शेजारी ठेवून वाचला. मग प्रत्येकातला एकेक धडा मुलीला दोन-तीन दिवस करू दिला आणि तिच्या चुका तारखेसह एका वहीत उतरवल्या. ३(क्ष + ४) = ३क्ष + ४ ही चूक तिने तिन्हीकडे केली. एका पुस्तकात तिच्याविषयी अवाक्षर नव्हते. दुसऱ्यात ‘असे करू नका’ एवढी सूचना होती. तिसऱ्यात क्षच्या जागी २ ठेवून दोन्ही बाजू काढून पाहायला सांगितले होते. एकीकडे १८ आले, दुसरीकडे १०, आणि तिने आपणहून खोडरबर घेतले. आम्ही तिसरे पुस्तक निवडले. ते दिसायला अगदी साधे आहे आणि त्याचे नाव मला तोवर कोणीही सुचवले नव्हते. इथेही मी ते लिहीत नाही, कारण दुसऱ्या मुलाच्या चुका दुसऱ्या असतील.

हा अभ्यासक्रम एका वर्षाचा म्हणून लिहिलेला आहे. आम्हाला दोन वर्षे लागली. मध्ये घातांकांपाशी तिचे मन उडाले तेव्हा आम्ही सहा आठवडे मूळ संख्या आणि विभाज्यता यांत रमलो आणि मग परत आलो. घरी शिकण्याचा सर्वांत मोठा फायदा हाच आहे की असे थांबता येते, आणि लवकर सुरुवात करणाऱ्या मुलाजवळ तर थांबायला वेळच वेळ असतो.

आपल्या दैनिकाने या विषयावर आणखी लेख छापायचे ठरवले, तर माझी एक विनंती आहे. अभ्यासक्रमांची नावे आणि गुणवर्णन देण्याऐवजी, अनेक वर्षे बीजगणित शिकवलेल्या शिक्षकांकडून मुलांच्या प्रत्यक्ष वह्यांतल्या चुका, त्यांमागचा मुलाचा विचार आणि त्यावर त्यांनी काय केले, हे लिहून घ्यावे. माझ्या चुकांच्या वहीत आज दोनशेहून अधिक नोंदी आहेत, त्यांतल्या निम्म्यांचे कारण मला अजून उलगडलेले नाही, आणि असा एखादा लेख वाचायला मिळाला तर मी ती वही शेजारी ठेवूनच वाचेन.

आपली नम्र,
एक पालक